मला नापास करण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
इंग्रजी संभाषण वर्ग,
सायंशाळा.

विषय : माझा उत्तीर्ण निकाल रद्द करून पहिल्याच वर्गात पुन्हा प्रवेश मिळणेबाबत.

संदर्भ : ‘उत्तीर्ण विद्यार्थ्यास त्याच वर्गात पुन्हा बसता येणार नाही’ हे आपले पत्र.

महोदय,

१. मी खाली सही करणार, धंदा शिवणकाम, सविनय कळवितो की मी परीक्षेत पास झालो ते माझ्या मनाविरुद्ध. आपल्या वर्गात जे धडे टेपवर लावतात, त्यांतील आवाज माझ्या दिवंगत पत्नीचा आहे. ती आपल्याकडेच शिकवीत असे. तो आवाज पहिल्या वर्गातच आहे, पुढच्या वर्गात नाही. म्हणून नापास होण्याचा माझा पक्का विचार होता.

२. परंतु प्रश्न आला, ‘वेट’ आणि ‘एक्स्पेक्ट’ यांतील फरक लिहा. हा तिचा धडा. तिने जीव तोडून शिकवलेले मुद्दाम चुकीचे लिहायला माझा हात धजेना. मी लिहिले की ‘वेट’पुढे माणूस आणायचा तर मध्ये ‘फॉर’ लागतो, ‘एक्स्पेक्ट’ला तो लागत नाही. ‘एक्स्पेक्ट’ म्हणजे कोणी येणार असे मनाशी धरणे, ते हातातले काम करताकरताही जमते. ‘वेट’ म्हणजे येईपर्यंत थांबून राहणे. तपासनीसांनी पैकीच्या पैकी गुण दिले. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

३. आपल्या कार्यालयातील बाई भल्या आहेत. “काका, टेपची नक्कल घरी न्या की,” असे त्या म्हणाल्या व त्यांनी ती करूनही दिली. घरी लावून पाहिली. ती ‘माझ्यामागून म्हणा’ म्हणते आणि मी एकटाच म्हणतो, तेही धड तोंडातून फुटत नाही. वर्गात तिच्यामागून सगळे खणखणीत म्हणतात. तिला ते आवडले असते.

४. आणखी एक. त्या धड्याच्या शेवटी टेप बंद करायची राहून गेली आहे. त्यात ती विचारते, “झालं ना? निघू मी? खाली हे ताटकळलेत.” मुले हसतात. हसू देत. त्या संध्याकाळी दुकान बंद करून मी खरोखरच खाली उभा होतो.

५. प्रवेशअर्जात ‘या वर्गाकडून आपली अपेक्षा’ असा रकाना आहे. तो मी कोरा ठेवला आहे. ती जिना उतरून येईल अशी अपेक्षा मी धरलेली नाही, तेवढे भान मला आहे. मला नुसती वाट पाहायची आहे. तेवढ्यापुरते मागच्या बाकावर बसू द्यावे.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
शिंपी, मागचा बाक

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत : उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, मूळ प्रत. परत नको.