मागच्या सीटखालचा कापूस

बाबा,

मी सकाळच्या बसनं यवतमाळले चालली, आज पेपर आहे. बंद पडलेली गाडी सुरू झाली. बॅटरी चांगलीच होती, तुम्ही उगाच बदलली. चावी फिरवली की मागून पेट्रोलच्या टाकीतल्या पंपाची घरघर यायले पाहिजे, ती येत नव्हती. फ्यूज शाबूत होता. मग मागची सीट उचलली, तर पंपाची वायर उंदरानं कुरतडलेली. बाजूलेच त्याचं घरटं होतं, आपल्या कापसाचं. भाव येईल म्हणून दिवाळीपासून तुम्ही गाडीच्या शेडमध्ये भरून ठेवला, तोच. आई तेव्हाच नको म्हणत होती.

वायर जोडून टेप मारला. घरटं फेकलं नाही, डिक्कीत आहे. पाहून घ्या.

ब्रेक दुरुस्त करताना युनूसचाचांनी गाडीतून काहीच काढलं नव्हतं. तुम्ही भर चौकात त्यायले चोर म्हटलं काहून?

पोळ्या झाकून ठेवल्या आहे. गाडीच्या चाव्या घरात शोधू नका. दोन्ही चाव्या मी जाता जाता युनूसचाचांकडे गॅरेजवर देणार आहे. आणायले धाकट्या श्रेयसले पाठवू नका. तुमच्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नका, असं त्यायले सांगून जाईन.

शाल्मली