ओरत्तनाडूहून आलेली काडी

अप्पा, मागच्या अंगणातलं तुमचं झाड मी चित्तिरै महिन्याच्या भर उन्हात मुळासकट काढलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तुम्ही झाड कसं आहे तेवढंच शोधत राहिला असता. रागवायचं असेल तर रागवा, पण शेवटपर्यंत ऐका. तंजावूरच्या या घरात देवनागरी वाचणारं आता माझ्याशिवाय कोणी नाही. अम्मा तमिळ वाचते, माझी मुलगी इंग्रजी. घरात मराठी बोलतो सगळे, निम्मी तमिळ मिसळून, पण अक्षरं मात्र तुमच्याबरोबर संपत आली. घरापुढच्या तिण्णैवर, ओट्यावर, बसवून तुम्ही मला पाटीवर ती गिरवायला लावायचात आणि समोर गल्लीत बाकीची मुलं खेळत असायची. तेव्हा तुमचा मनापासून राग यायचा. आज त्याच अक्षरांत तुमच्याशी बोलता येतंय, याचं फार बरं वाटतं.

झाड घरी आलं ती संध्याकाळ मला अजून दिसते. मी दुसरीत असेन. तुम्ही ओरत्तनाडूच्या ऑफिसातून बसने परत येताय आणि मी गल्लीच्या कोपऱ्यावर उभी आहे. रोज तुमच्या हातात रिकामा डबा असायचा. त्या दिवशी डबा काखेत आणि दोन्ही हातांवर ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, तान्हं मूल धरावं तसं. टॉवेल उघडला तर आत एक काडी. अंगठ्याएवढी जाड आणि वर दुभागलेली, बस्स. मी अगदी हिरमुसले, मला वाटलं होतं खाऊ असेल. तुम्ही म्हणालात, "ब्रुगमन्सिया. मुळात कोडैकानलचं." अम्मा दारातून एवढंच म्हणाली, "आणलंत वाटतं." मग जन्मभर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐटीत सांगत आले, आमच्या अप्पांनी हे कोडैकानलहून आणलं.

थंड हवेतलं झाड तंजावूरच्या उन्हात जगवणं म्हणजे काय, ते तुम्हीच जाणा. धुण्याच्या दगडाशेजारी, जिथे सकाळचं कोवळं ऊन येतं आणि दुपारी भिंतीची सावली पडते, तिथे तुम्ही खड्डा खणलात. तांदळाचं धुवण त्यालाच, शेंगदाण्याची भिजवलेली पेंडही त्यालाच. दुपारी पानं लोंबकळली की अम्मा म्हणायची, "गेलं तुमचं भोंग्याचं झाड." आणि संध्याकाळी पाणी मिळालं की ते परत ताठ उभं. उन्हाळ्यात पानांच्या पाठीला बारीक कोळी लागायचे, तेव्हा तुम्ही एकेक पान उलटं करून धुवायचात. शेजारच्या मामींना वाटायचं हा ऊमत्तैच, म्हणजे आपला धोत्रा. शिवरात्रीला त्या ताट घेऊन आल्या तर तुम्ही हात जोडून नाही म्हणालात. अम्माला तेच खटकायचं. फूल असून देवाला चालत नाही, केसांत माळता येत नाही, मग ते घरात कशाला? तुम्ही म्हणायचात, "सगळी फुलं तुझ्या आणि देवाच्या वाटची, हे एक माझ्या नाकाच्या वाटचं." मार्गळीत, थंडीच्या महिन्यात, दिवस मावळला की ती भोंग्यासारखी लांब फुलं खाली माना घालून सुटायची, पहिल्या दिवशी पांढरी, दुसऱ्या दिवशी पिकल्या पपईच्या रंगाची. मग आपण दोघं धुण्याच्या दगडावर बसायचो आणि वास घ्यायचो.

आणि तो डोळा. मी दहा-अकरा वर्षांची होते. तुम्हाला खूश करायचं म्हणून वाळलेली पानं खुडत बसले आणि त्याच हाताने डोळा चोळला. संध्याकाळी अम्माने माझ्याकडे पाहिलं आणि मला ओढत दिव्याखाली नेलं. एका डोळ्याची बाहुली नेहमीसारखी, दुसऱ्याची एवढी मोठी की डोळा काळाच दिसत होता. डॉक्टरांनी झाडाचं नाव ऐकलं आणि म्हणाले, रस गेलाय, दोन-तीन दिवसांत उतरेल. उतरलंही. पण अम्मा हटून बसली, झाड आजच्या आज कापा. तुम्ही कापलं नाहीत. माझा कान धरून मला झाडापाशी नेलंत आणि म्हणालात, "आवडतं म्हणून जवळ जायचं असेल तर आधी ते काय आहे ते समजून घ्यायचं. हे सगळं विषारी आहे, पान, फूल, बी, सगळं." मग माझ्याकडूनच उरलेली पानं खुडून घेतलीत आणि कोपरापर्यंत साबणाने हात धुवायला लावलेत, दोनदा. कान दुखत होता आणि मी रडत होते. पण त्या दिवसापासून झाड माझंही झालं.

तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी शाळेत जात होती. ती तिच्या तातांच्या, म्हणजे तुमच्या, खांद्यावर बसून त्या फुलांचा वास घ्यायची, तिला आठवतं. यंदा ती तिच्या मुलीला घेऊन चेन्नैहून चार-सहा महिने राहायला येणार ठरलं. नात तेव्हा नुकती रांगायला लागली होती आणि जे दिसेल ते तोंडात. मी फोनवर झाडाचा विषय काढला तर मुलगी एकदम म्हणाली, "झाडाला हात लावायचा नाही हं. तातांचं आहे ते. आम्ही डोळ्यात तेल घालून बघू तिच्याकडे." माझा मात्र जीव टांगणीला. जाळी लावली तरी वाऱ्याने फुलं अंगणभर पडतात. आणि मूल रांगतं ते अंगणातच. झाड ठेवलं तर झोप लागणार नाही, कापलं तर तुम्हाला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं होईल, असं मी अम्मापाशी बोलून गेले. अम्मा शेवग्याची पानं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एकदा कापून झालंय. आणखी एकदा कापलं तर काय होतंय?"

मला वाटलं वयामुळे गोंधळली. पण गोंधळ माझाच होता. "तुझ्या अप्पांनी कापलं, तू रांगत होतीस तेव्हा," ती म्हणाली. "कोडैकानलहून आणलेलं ते. चांगलं माझ्या डोक्याएवढं झालं होतं. तू पडलेलं फूल उचलून तोंडाशी नेलंस आणि मी ओढून घेतलं. तोंडात गेलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी त्यांनी झाड काढलं, आणि एक काडी बरोबर घेऊन गेले. ओरत्तनाडूला ऑफिसच्या मागे, हातपंपाजवळ लावली. तू शाळेत जायला लागलीस, समजायला लागलीस, तेव्हा तिथलीच काडी परत आणली. तू पाहिलंस ते ओरत्तनाडूचं." मग पानं निवडता निवडता म्हणाली, "त्या वर्षांत मार्गळीत उशिरा यायचे. मला वाटायचं पत्ते कुटत बसतात. त्यांच्या शिपायाने एकदा सांगितलं, सर अंधार पडून वास सुटेपर्यंत थांबतात, बस सोडून देतात." मी विचारलं, मला कधी कोणी बोललं कसं नाही? अम्मा म्हणाली, "तू म्हणाली असतीस, माझ्यामुळे गेलं. त्यांना ते नको होतं."

अप्पा, मी तिथेच बसून रडले. दुःखाने नाही. एवढं मोठं काहीतरी तुम्ही माझ्यासाठी केलंत आणि त्याचं ओझं माझ्या अंगाला लागूही दिलं नाहीत. मी मात्र त्या झाडाखाली बसून तुम्हालाच विचारायचे, अप्पा, तुम्ही हे माझ्या जन्माआधीच का नाही आणलंत? तुम्ही हसायचात फक्त.

दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून झाड काढलं. जिथे फांदी दुभागते त्याच्या वरची काडी घेतली, तुम्ही दाखवली होतीत तशी, ओल्या टॉवेलात गुंडाळली आणि टाउन बसने माझ्या ऑफिसातल्या एका निवृत्त अक्कांकडे नेली. त्यांच्या घरी लहान मूल नाही, मागे विहीर आहे, सावलीही आहे. सगळं समजावून सांगितलं, पानं धुण्यापासून हात धुण्यापर्यंत. त्या म्हणाल्या, "एवढं तर मी मुलांच्या वेळीही ऐकलं नव्हतं."

मुलगी आली ती पिशव्या टाकून सरळ मागे गेली. झाड कुठाय? मी सांगितलं, वाळलं, यंदाचं ऊन सोसलं नाही. "तातांनी एवढी वर्षं जगवलं, आणि तुला यंदाचा एक उन्हाळा जमला नाही? सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला काय होतं?" मी म्हटलं, चुकलंच. अम्मा कॉफी निववत होती, या डबऱ्यातून त्या पेल्यात, पुन्हा पुन्हा, आणि एक अक्षर बोलली नाही. तिला सवयच आहे. मुलगी दोन दिवस फुगून होती. आता शेजारी माझ्या हलगर्जीपणाचे किस्से सांगते आणि मी ऐकून घेते. खोटं नाही सांगत, ऐकताना थोडं लागतं. तुम्हालाही लागलं असेल का, मी विचारायचे तेव्हा?

आत्ता आडी महिना आहे, झाड काढून तीन महिने झाले. मी मागच्या दारात बसून हे लिहितेय आणि नात अंगणात रांगतेय. धुण्याच्या दगडापाशी जाते, त्यावर थापा मारते, परत येते. सकाळी अक्कांकडे जाऊन आले, काडीला पानं फुटलीत. नात स्वतःच्या हाताने कोपरापर्यंत साबण लावायला शिकली की एक दिवस मी ओला टॉवेल घेऊन बसमधून उतरेन. मुलगी विचारेल, कुठून आणलं? मी सांगेन, मुळात कोडैकानलचं.

हे कुठे पाठवायचं नाहीच आहे. फक्त एक गोष्ट तुमच्यासारखी मला जमली नाही, ती कबूल करते. तुम्ही शेवटपर्यंत स्वतःहून कोणाजवळ बोलला नाहीत. मला कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवलं नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.