जोर 'बि'वरच होता

कराड, १४ जून १९९४, संध्याकाळ

आज सांगलीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्याच्या जागेसाठी मुलाखत दिली. अध्यक्षांनी खडू हातात दिला. "रिस्पॉन्सिबिलिटी. सिलॅबल पाडून दाखवा." मी फळ्यावर पाडले: रि-स्पॉन-सि-बि-लि-टी. जोर 'बि'वर येतो, तोही म्हणून दाखवला. शेजारी बसलेले इंग्रजीचे सर मान डोलवत होते.

मग अध्यक्षांनी अर्जावरचं आडनाव वाचलं. चष्मा काढून म्हणाले, "बाई, ही खुली जागा आहे. तुमची राखीव निघाली की या."

तुमची! आणि मघाशी मान डोलवणारे सर खिडकीबाहेर बघत बसले. मी काही बोलायला हवं होतं का? 'थँक्यू सर' म्हणून बाहेर आले. जोर 'बि'वरच होता. एस.टी.त कराड येईपर्यंत तेच पुटपुटत होते.

आबा दारातच उभे. "काय झालं गं? जमलं न्हवं?"

छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून त्यांचा एकच विश्वास, पोरं शिकली की कुणी अडवत नाही. त्यांना काय सांगू? म्हटलं, "एक शब्द चुकला, आबा."

"आस्सं व्हय!" त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग फुडच्या बारीला नीट पाठ करून जा."