एकतीस नंबरची बाई

सर,

गेल्या आठवड्यात तुमच्या विभागाच्या दोन विद्यार्थिनी डहाणूला माझ्या घरी आल्या होत्या. तुमच्या वेळी आरोग्य धोरणाच्या अभ्यासक्रमात नीतिशास्त्राचे जेमतेम चार तास असायचे. आता त्याची स्वतंत्र पदविका आहे आणि वर्गात तुमचा फोटो लावलाय म्हणे. तलासरीच्या पाड्यांवर रक्त तपासायला जाण्याआधी त्यांना माझे आशीर्वाद हवे होते. आशीर्वाद मी देत नाही, म्हणून संमतीपत्र बघायला मागितलं. शेवटची ओळ तीच, तुम्ही माझ्या मसुद्यात स्वतःच्या हाताने घातलेली: 'अभ्यासाचे निष्कर्ष आपणांस कळवले जातील.' "कोण कळवणार?" मी विचारलं. "मॅम, ती स्टँडर्ड लाइन आहे," त्यातली एक म्हणाली. "मग खोडा. खोटं कशाला छापता?" चहा अर्धा टाकून दोघी गेल्या. म्हातारी खडूस आहे, असं आता विभागात सांगत असतील. सांगू देत.

माझ्या प्रबंधाच्या वेळचं अजून डोळ्यांसमोर आहे: कैनाडच्या पुढच्या एका पाड्यावर मी ओटीवर बसून तोच कागद वाचतेय. माझं कॉन्व्हेंटातून पास झालेलं मराठी बायकांच्या डोक्यावरून जातंय, तरी त्या माना डोलावतात आणि अंगठे देतात. लॅबवाला दंडाला रबर बांधतो. सातव्या महिन्यातली एक पोटुशी भरत चाललेल्या नळीकडे बघून म्हणते, "सगला नको नेव बाय, पोराला पन थोडा ठेव." बायका हसतात, मीही हसते. मग कापूस दाबून धरत ती विचारते, "काय निघल ते सांगाया येशील ना?" मी म्हणते, "येईन. इथे लिहिलंय तसं."

अहवाल मुंबईला आला तेव्हा त्यात नावं नव्हती, नुसते नंबर होते. एकतीस नंबरच्या फारच कमी हिमोग्लोबिनला प्रयोगशाळेने लाल शाईने गोल केला होता. कुठल्या नंबरची कोण बाई, ती यादी तुमच्या कपाटात कुलपात. मी तुमच्या टेबलासमोर उभी राहून ती मागितली.

"गोपनीयता म्हणजे गोपनीयता," तुम्ही मान वर न करता म्हणालात. "आज एकीचं नाव उघडाल, उद्या सगळ्यांची."

"पण सर, कळवू असं आपण लिहून दिलंय."

"कळवू ना, अहवालातून. तुम्ही संशोधक आहात, नर्सबाई नाही."

अहवाल इंग्रजीत होता. तो त्या पाड्यावर कोण वाचणार होतं, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा त्या पोटुशीची सासू ओटीवर सुकट निवडत होती. "ती गेली बाय. बालंत होताना. लय रगत गेला. गाडी येस्तवर संपली." मग हात थांबवून तिने विचारलं, "तुमच्या कागदात काय निघाला व्हता?" आवाजात राग नव्हता, खरोखरच तिला जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "रिपोर्ट यायचाय अजून." त्या वेळी तो माझ्या पिशवीत होता.

माझ्या प्रबंधातलं गोपनीयतेचं प्रकरण तुम्ही आदर्श म्हणून पुढच्या मुलांना वाचायला द्यायचात. त्याच जोरावर मला नोकरी लागली, आणि तेच प्रकरण मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. वर्गात कुणी विचारलं, एखादीचा जीव धोक्यात असेल तर काय करायचं, की तुमचंच उत्तर तुमच्याच आवाजात द्यायचे. घरी आल्यावर मात्र तुम्हाला शिव्या घालायचे, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी कानावर हात ठेवले असते अशा. तुम्ही गेल्यावर शोकसभेलाही मी आले नाही. तुमच्या एका कुलपाने ती बाई मारली, हे मी इतकी वर्षं धरून बसले होते, आणि त्यावर माझं बरं चाललं होतं.

हे तुम्हाला पोचणार नाही आणि दुसऱ्या कुणाला मी दाखवणार नाही, म्हणून लिहिते. ती यादी मला नकोच होती. त्या नळीवर एकतीसची चिठ्ठी मीच चिकटवली होती. त्या पाड्यावर पोटुशी ती एकटीच. सकाळी मुंबईहून डहाणूची गाडी, पुढे एसटी, मग थोडं चालणं. संध्याकाळपर्यंत परत आले असते. पण त्या आठवड्यात दिल्लीच्या परिषदेसाठी माझा निबंध पुरा व्हायचा होता. म्हणून आधी तुमच्याकडे विचारायला आले. तुम्ही नाही म्हणालात, सर, तेव्हा मला हायसं वाटलं.