तेन्मोळीला सांगितलं ते

११ नोव्हेंबर, मंगळवार
भिजून घरी आले. साडी बदलायची आहे, आधी हे लिहिते.
दवाखान्यात माझ्या ड्यूटीला तेन्मोळी आली होती. नाचियार्कोविल गावची, पहिलटकरीण, नववा चालू. दर तपासणीला माझ्याकडेच येते, मला अक्का म्हणते. नवरा सेंदिल पितळी समया ओततो. कालपासून पोटात हालचाल नाही म्हणाली. बाळाचे ठोके ऐकायचा डॉप्लर लावला. वर, खाली, कुशीला. तिच्याच नाडीचे ठोके, बाळाचे नाहीत. तोंड सरळ ठेवून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी स्कॅन केला आणि पडदा स्वतःकडे वळवून घेतला.
बाळ गेलेलं.
सासूला आणि सेंदिलला बाहेर नेऊन सांगितलं. सासूने हात जोडले. पोरीला आत्ता कळू देऊ नका, सुटका होऊ दे, मग मी सांगेन. बाई हो म्हणाल्या. कळलं तर ही जोर लावणार नाही, पोट कापावं लागेल, तेही गेलेल्या बाळासाठी. त्यांचं चुकलं असं नाही. उद्या सकाळी कळा आणायच्या.
तेन्मोळीला सांगितलं की पाणी कमी आहे म्हणून भरती. तिने विचारलं, उद्या तुम्हीच असाल ना अक्का. हो म्हटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "डॉक्टरांनी ठरविलें आहे, तूं मध्यें पडूं नको." बरोबर आहे. पण लेबर रूममध्ये डॉक्टर शेवटी येतात. तोवर बाईचा हात माझ्या हातात. म्हणजे खोटं बोलायचं ते मीच.
आणिक मूल बाहेर आलं, कुणी रडलं नाही, कुणी काही बोललं नाही, की ती आधी माझ्याच तोंडाकडे बघणार. तेव्हा मी...

संध्याकाळ
सांगितलं.
कळा वाढल्या होत्या. पडद्यापलीकडे दुसऱ्या बाईच्या बाळाचे ठोके मशीनवर वाजत होते, धडधड धडधड. तेन्मोळी ऐकत होती. मज म्हणाली, "मला ते मशीन का नाही लावत?" लावू, म्हटलं. "अक्का, सकाळपासून तुम्ही माझ्याकडे नीट बघत नाही."
मग खाटेवर बसले. तिचा हात धरला.
"तेन्मोळी, बाळाचं हृदय थांबलंय. काल तू आलीस तेव्हाच थांबलेलं होतं."
रडली नाही. घरच्यांना ठाऊक आहे का, विचारलं. हो म्हटलं. "काल पण?" हो. मग भिंतीकडे तोंड फिरवलं.
त्यानंतर तिने जोर लावायचं सोडलं. कळ आली की दात आवळून पडून राहायची. डॉक्टरीणबाई आल्या, काय झालं ते ओळखलं. मी कंबर चोळत राहिले. बाळासाठी नको, तुझ्यासाठी लाव, एवढंच पुन्हा पुन्हा सांगितलं. दुपार उलटली तेव्हा मुलगी झाली. डोकं भरून केस.
आणिक मग रक्त. थांबेचना. मी पोटावरून गर्भाशय दाबतेय, बाई इंजेक्शनं देतायत, तेन्मोळीचे ओठ पांढरे होत चाललेले. रक्त चढवलं. बऱ्याच वेळाने आटोक्यात आलं. माझी पावलं चिकटत होती फरशीला.
तिने मागितलं म्हणून मुलीला पुसून, कापडात गुंडाळून कुशीत दिलं. मुठी उघडून एकेक बोट बघितलं तिने. सासू दारात. मेलेलं मूल आईला दाखवत नाहीत, पुढच्या पोटाला बरं नव्हे, म्हणाली आणि न्यायला हात पुढे केले. तेन्मोळीने दिलं. सेंदिल जिन्यात पाठ करून उभा होता, त्याने वळून बघितलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
तेन्मोळीच्या सासरहून तक्रार गेली. नर्सने सांगितलं म्हणून पोरगी खचली, म्हणून रक्त गेलं. डॉ. बाई म्हणाल्या, त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं. हवंच होतं. मला लेबर रूममधून काढलं. खाली ओ.पी.डी.त. किती दिवस, ते बोलल्या नाहीत.
रक्त तसंही गेलं असतं का? न सांगता ती जोर लावती, लवकर सुटती, तर...

१७ नोव्हेंबर, सोमवार
वजन, बी.पी., वजन, बी.पी. वरून बायकांचे ओरडणे ऐकू येते. आवाजावरून कळतं कुणाची वेळ जवळ आलीय. पाय जिन्याकडे वळतात, मग परत खुर्चीत.

२३ नोव्हेंबर, रविवार
सेंदिल घरी आला. मी घाबरले, हे पुढे झाले. पण भांडायला नव्हता आला. ओट्यावर बसून राहिला, कॉफी दिली ती घेतली. दीपमचा दिव्यांचा सण जवळ आलाय, समयांची मागणी खूप, पण हात चालत नाहीत म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "अक्का, तिचं तोंड कसं होतं?"
सांगितलं. केस, रुंद कपाळ, खालचा ओठ तेन्मोळीचा. तो ऐकत होता. ह्यांनी उठून आत जाऊन नळ सोडला, उगीच.
तेन्मोळी माहेरी आहे, सुंदरपेरुमाळ कोयिलला. दूध आलंय, पोलकं भिजतं, कुणाशी बोलत नाही. याल का, म्हणाला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
गेले. मागच्या खोलीत होती, दूध साठून छाती दगड झालेली. गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, घट्ट पोलकं घातलं, पिळून काढू नको म्हणून सांगितलं. मी निघताना म्हणाली, "तुम्ही सांगायला नको होतं." मी पिशवी उचलली. मग तिनेच पदर धरला. मुलीला कुठे पुरलं, ते सासू सांगत नाही. सेंदिलला ठाऊक नाही, तो गेलाच नव्हता. "तुम्ही विचारा अक्का. मला कुणी काहीही सांगेल. तुम्ही खरं ते सांगाल."

३० नोव्हेंबर, रविवार
नाचियार्कोविलला जाऊन आले. वाटलं होतं दारातूनच घालवतील. सासूने आत बोलावलं, चटई टाकली. मागे सेंदिल पितळ घासत होता. मग ती स्वतःच बोलली. तिचाही पहिला मुलगा असाच गेलेला. तिला जागा ठाऊक होती. रोज जाऊन बसायची तिथे, सेंदिल पोटात राहिला तरी जायची. घरच्यांनी ओढून आणायचं. शेवटी तिच्या सासूने दाराला कडी घालायला सुरुवात केली.
"माझ्या डोक्यातून ती जागा अजून जात नाही," म्हणाली. "हिला सांगू? तुम्ही म्हणाल तर सांगते."
हो म्हणायलाच गेले होते मी. म्हणता आलं नाही. उद्या येते म्हटलं आणि बस धरली.
तेन्मोळीचा फोन दोनदा येऊन गेला. अजून उचललेला नाही.