चौतीसची कंबर

१ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून संशोधन. विषय: घट्ट नाडीच्या काचण्याने कंबरेच्या कातडीच्या पेशी कॅन्सरच्या कशा होतात. आमच्या तांड्यावरच्या म्हाताऱ्या बाया जन्मभर जड घागरा करकचून बांधतात. कातडी सोलते, भरते, पुन्हा सोलते. दर खेपेला पेशी स्वतःची नक्कल काढते. एखादी नक्कल चुकते आणि ती पेशी थांबायचंच विसरते. आर्णीच्या कॉलेजात झुऑलॉजी शिकवणाऱ्या माणसाला हे सुचावं, याचं मलाच कौतुक वाटलं. वर्षअखेर पेपर. इंटरनॅशनल.

ता.क. पॅन्ट पुन्हा आटली. रंजिता म्हणते, पॅन्ट नाही आटली. बायकोला कापडातलं काय कळतं? लग्नापासून माझी कंबर चौतीस आहे.

६ फेब्रुवारी
तांड्यावर गेलो. विश्वास बसावा म्हणून लॅबचा पांढरा कोट घातला. सख्ख्या हंसाकाकीपासून सुरुवात केली. शास्त्रीय सुरात म्हणालो, काकी, जरा कंबर दाखव. काकीने खराटा उचलला. म्हणाली, घनश्याम, बायकायची कंबर पाहाले शिकवतेत का रे तुह्या कालेजात? बाया जमल्या. मोतीबाई म्हणाली, आधी तू कोट काढ अन् तुही दाखव. संशोधकाने स्वतःला नमुन्यात धरायचं नसतं, असा नियम आहे. असावा.
सहकार्य मर्यादित मिळालं. कोटाची एक बाही गेली.

१९ फेब्रुवारी
अंघोळीनंतर रंजिताने पाहिलं. बेल्टच्या जागी माझ्या कातडीवर काळा, जाड पट्टा. उजवीकडे छोटी जखम. घामोळं आहे, म्हणालो. थंडीत कायचं घामोळं, म्हणाली. हवामान बदलतंय, हे तिला कोण समजावणार! पावडर लावली.
तांड्यावर रंजितालाच पाठवावं का? नको. श्रेय वाटून जाईल.

१२ मार्च
वर्गात कॅन्सरवर उत्तम लेक्चर झालं. जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टर गाठायचा, हे ठासून सांगितलं. पोरींनी लिहून घेतलं. मला पाठच आहे.
घामोळं जरा जिद्दी निघालं. शर्टाला डाग पडतो. उद्यापासून काळे शर्ट.

२१ मार्च
रंजिताने जेवताना विषय काढला. म्हणाली, तांड्यावरची बाई असती तर तुम्ही तिले ओढत यवतमाळले नेलं असतं. मी समजावलं की त्यांची नाडी असते, माझा बेल्ट आहे, दोन्हींचं शास्त्र वेगळं. ती ताटावरून उठली. मागच्या दारी रडत होती. मी बेल्ट काढून ठेवला. पॅन्ट जागची हलली नाही.

२३ मार्च
यवतमाळ. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी जखमेचा तुकडा काढला. रिपोर्ट आठवड्याने. येताना वाट वाकडी करून कळंबच्या चिंतामणी गणपतीला गेलो. रंजिताला म्हणालो, तुझ्या समाधानासाठी. पण डोळे मीच उघडत नव्हतो.
मला भीती वाटते. पेपरचं आज एकदाही आठवलं नाही.

३० मार्च
कॅन्सर नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून नाही. तो 'अजून' घरापर्यंत कानात होता. पुढेही दाखवत राहायचं. घट्ट पॅन्ट बंद.
तडक बबलू टेलरकडे. त्याने टेप लावली, मी श्वास धरला. रंजिता म्हणाली, सोडा आता. सोडला. बबलूने भर दुकानात ओरडून सांगितलं, सर, बेचाळीस! टेप जुनी असावी.

१० एप्रिल
रंजिता मला न सांगता तांड्यावर जाऊन आली. माझी हकिगत जखमेसकट सांगितली. काकी म्हणाली म्हणे, एवढ्या शिकेल माणसाले समजलं नाही, त आपल्याले काय समजन, चला दाखवून येऊ. सगळ्या बाया टेम्पोत बसून डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. कुणालाही काही निघालं नाही. संशोधनातला एकुलता एक पेशंट मी.
काकीने माझ्यासाठी पायजम्याची नाडी पाठवली, चार बोटं रुंद, जुन्या घागऱ्याच्या मऊ कापडाची. निरोप: सैल बांधजो, बापू.
बांधली. कित्येक वर्षांनी पोटभर श्वास घेतला.
पॅन्ट आटली नव्हती.