रोज शंभर टक्के

३ मार्च, सोमवार

निम्मी किंमत! गाडी घेतली तेव्हा मोजले त्याच्या निम्मे, नुसत्या बॅटरीला! आणि शोरूममधला तो टायवाला पाण्याचा ग्लास पुढे सरकवत म्हणतो, "सर, त्यापेक्षा नवीन गाडीच का बघत नाही?" मी ग्लासाला हात लावला नाही.

गाडीला नऊ वर्षं झाली. बॅटरीची हमी आठ वर्षांची. म्हणजे तारीख बघून मरते की काय ही? पहिल्या वर्षी एका चार्जिंगमध्ये दोनशे किलोमीटर जायची, आता नव्वदला धापा टाकते. बायकोची शाळा टेकडीपलीकडे, जाऊन-येऊन ऐंशी. परवा येताना शेवटचे चार किलोमीटर एसी बंद, वेग आपोआप वीसवर आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग. घामाने निथळत घरात आली. "पोचले ना," एवढंच म्हणाली.

तिकडे बस जात नाही. गाडी नाही तर शाळा नाही. कर्णबधिर मुलांना बावीस वर्षं शिकवतेय ती. टायवाल्याला याचं काय?

५ मार्च

मेव्हणा आला होता. जखमेवर मीठ चोळायला याला बरोबर वेळ मिळतो. "भावोजी, आपलं इंजिनच बरं. बिघडलं तर उघडून बघता तरी येतं."

मी म्हटलं, तुझं इंजिन सातव्या वर्षी आख्खं बदललंस, ते विसरलास? तर म्हणे, "ते जुन्या बाजारातलं होतं, स्वस्तात पडलं." आणि दर सहा महिन्यांनी ऑइल, फिल्टर, पट्टे? रोजचं पेट्रोल? ते कोण धरणार हिशेबात? नऊ वर्षांत माझ्या गाडीला तेलाचा थेंब लागला नाही! आवाज चढला माझा. त्याने चहा अर्धा टाकला आणि निघाला. हिने कप उचलला.

८ मार्च

टायवाल्याचा फोन. "हमीच्या बाहेर आहे, सर." तोंडाला पानं पुसायची आणि वर सर म्हणायचं!

१० मार्च

कंपनीला पत्र टाकलं, चार पानी. ही म्हणाली, "जाऊ द्या ना. मोठ्या बाईंनी विचारलंय मला, संस्थेच्या आपल्या इथल्या ऑफिसात जागा आहे. चालत जाता येईल."

ऑफिसात! मुलांशी हातांनी बोलणारी बाई आता हजेरीपटांची बेरीज करणार! रविवारी तिच्या शाळेत गेलो होतो एकदा, स्नेहसंमेलनाला. एक सहा वर्षांची पोरगी हिच्या हाताकडे बघून खदखदा हसत होती. हिने काय विनोद केला मला कळलाच नाही. ते सोडायचं, का तर यांची बॅटरी फुसकी निघाली म्हणून? डोकं फिरलं माझं. "तू मध्ये पडू नकोस, मी बघतो यांच्याकडे," म्हणालो. जरा जोरातच.

बरं, माझ्याकडून हयगय झाली म्हणावं, तर तीही नाही. तीस वर्षं लिफ्टच्या देखभालीत घालवली आहेत मी. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी जी बॅटरी असते, ती कायम भरलेली ठेवावी लागते. अर्धवट ठेवली की सडते. माझ्या एकाही लिफ्टमध्ये माणूस तासभर अडकलेला नाही. गाडीलाही तोच नियम लावला. ही शाळेतून आली की केबल लावायची, शंभर टक्के करायची, सकाळपर्यंत लावूनच ठेवायची. सुट्टीतसुद्धा. एक दिवस चुकलो नाही.

पत्रात शेवटी लिहिलंय — गाडीत सगळी नोंद असते ना? काढा ती. माझ्यासमोर काढा.

१४ मार्च

तयार झाले! मंगळवारी सर्व्हिस सेंटरला बोलावलंय. आता कळेल कोण खरं.

१८ मार्च

चष्मा लावलेली एक मुलगी होती, तिथली तंत्रज्ञ. माझ्या धाकटीएवढी असेल. गाडीला केबल जोडली, लॅपटॉपवर आलेख आला. नऊ वर्षांचा.

"काका, तुम्ही रोज फुल्ल करत होतात?"

"अर्थात."

"आणि लावूनच ठेवत होतात? उन्हाळ्यातही?"

मी लिफ्टचं सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती बॅटरी शिशाची असते काका, तिला तसंच ठेवायचं. ही वेगळी. ही कायम भरलेली राहिली, त्यात गरम झाली, तर लवकर म्हातारी होते. रोजच्याला ऐंशीवर थांबवायची. पुस्तिकेत आहे, त्रेसष्टावं पान."

टायवाला पलीकडे उभा होता. हसला नाही, हेही नशीब. हसला असता तर निदान त्याच्यावर तरी ओरडता आलं असतं.

त्या मुलीनेच वाट दाखवली. अपघातात गेलेल्या अशाच गाडीची चांगली बॅटरी तपासून बसवून देणारा एक जण आहे. मेव्हण्याच्या इंजिनाला पडले तेवढेच पडतील. मी तिचे आभार मानले की नाही, आठवत नाही.

१९ मार्च

काल घरी आलो आणि सगळं हिच्यावर काढलं. ही मुलांसाठी चित्रांची कार्डं कापत बसली होती. म्हटलं, चालवतेस तू, मग पुस्तिका कुणी वाचायची? नऊ वर्षांत एकदा उघडावीशी वाटली नाही?

कात्री न थांबवता म्हणाली, "वाचली होती. पहिल्याच आठवड्यात. ऐंशीची मर्यादाही लावली होती गाडीत. तुम्ही बघितलीत."

मग आठवलं. फाटकातच उभं राहून ओरडलो होतो. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या होत्या. अर्धवट अक्कल, मुलांबरोबर राहून बहिरी झालीस, असलं काहीतरी म्हणालो होतो. असलं काहीतरी नाही. हेच म्हणालो होतो.

"मग नंतर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं ना एकदा."

आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. पुढचं कार्ड घेतलं तिने.

पंधरा दिवस जगाला शिव्या घालतोय मी. चार पानी पत्र लिहिलं! गाढव.

२७ मार्च

बॅटरी बसली. ही आज शाळेत जाऊन आली, एसी लावून. ऑफिसच्या जागेला नाही म्हणून सांगितलं तिने. ऐंशीची मर्यादा तिनेच लावली, मी बाजूला उभा होतो.

मग विचारलं, "आणखी काय काय सांगितलं नाहीस मला?"

गाडीचं दार लावलं तिने. माझ्याकडे बघितलं.

"आत चला. आधी बसा."